शिवधनुष्य मुलाच्या हाती देऊ नका!

गेल्या वर्षी दिवाळीनंतर चिखली रस्त्यावरच्या एका गावचे शेतकरी आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्या कुशीवर झोपला की रात्री जाग येत असे. कुठे पडला-बिडला का, असे मी विचारले. वडील म्हणाले, "नाही साहेब, धनुष्य चालवते ना तो!"

मी खांदा तपासला, वजनाच्या मानाने वेदनाशामक औषध दिले, शेक सांगितला आणि आठ दिवस आराम करायला सांगून त्यांना घरी पाठवले. माझे चुकले ते इथेच. धनुष्य कोणते, त्याची ओढ किती, हे मी विचारलेच नाही. औषधाने बरे वाटले, पोराने पुन्हा सराव सुरू केला आणि तीन आठवड्यांनी बापलेक पुन्हा माझ्यासमोर बसले. दुखणे पहिल्यापेक्षा वाढलेले होते. तेव्हा मी ठरवले की, हा रोग दवाखान्यात बसून कळायचा नाही. रविवारी सकाळी मी मैदानावर गेलो.

वाचक जाणतातच की, धनुर्विद्येत आपल्या बुलडाण्याचे नाव आज मोठे आहे. २०२३ साली शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत आपल्या प्रथमेश जावकरने जागतिक क्रमवारीत पहिल्या असलेल्या माइक श्लोसरला १४९ विरुद्ध १४८ असे एका गुणाने हरवले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत प्रथमेश, ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांनी कंपाउंड प्रकारात सांघिक सुवर्णपदक आणले. असे यश पाहून आपल्याही लेकराच्या हाती धनुष्य द्यावे असे आईबापांना वाटले, तर त्यात नवल नाही. खेळ उत्तमच आहे. परंतु धनुष्य कसे निवडावे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

मैदानावर त्या मुलाने धनुष्य उचलले आणि मला काय ते समजले. दोरी ओढताना त्याचा खांदा कानाला टेकत होता, कंबर मागे वाकत होती आणि हात लटलट कापत होते. धनुष्य जुन्या बाजारातले, मोठ्या माणसाच्या मापाचे होते. वडील म्हणाले, "पुढं कामी येईन म्हणून मोठंच घेतलं, साहेब." शाळेचा सदरा आपण वाढत्या अंगाचा घेतोच की! पण सैल सदऱ्याने अंगाला काही होत नाही. जड धनुष्याचे तसे नाही.

धनुष्याची ओढ पौंडात मोजतात. साध्या रिकर्व्ह धनुष्याच्या पात्यावर आकडा लिहिलेला असतो आणि तो दोरी २८ इंच ओढली असता लागणारा जोर असतो. हात लहान असले की ओढ कमी भरते. इंचामागे साधारण दोन पौंड धरावेत. या मुलाच्या धनुष्यावर ३४ लिहिले होते आणि तो ओढत होता २५ इंच. म्हणजे त्याच्या बोटांवर सुमारे २८ पौंड, पावणेतेरा किलोंचा भार येत होता. रोज शंभर बाण म्हटले तर बेरीज होते बारा क्विंटलच्या वर. बाजार समितीत एवढा माल उतरवायला आपण बारा वर्षांच्या मुलाला लावू का?

आता शरीराचे पाहू. आपल्या खांद्याच्या सांध्याला चार लहान स्नायू वेढून असतात आणि हाडाचा गोळा खोबणीत नीट धरून ठेवणे हे त्यांचे काम. ओढण्याचे मोठे काम पाठीच्या स्नायूंचे. भार पेलेनासा झाला की पाठ हात टेकते, खांदा वर चढतो आणि त्या चार स्नायूंच्या कंडरा हाडांच्या मध्ये घासल्या जाऊ लागतात. त्यांना सूज येते. वाढत्या मुलांत हाडांच्या टोकाशी कूर्चेचा मऊ भाग असतो. हाडाची लांबी तिथूनच वाढते. सततच्या ताणाने त्यालाही इजा होऊ शकते. म्हणून मुलाच्या खांद्याचे दुखणे अंगावर काढू नये.

खरी मेख मात्र बाणात होती. त्याचे बाण एकसारखे डावीकडे जात होते. सगळे त्याला सांगत होते, "जोर कमी पडतो, आणखी ओढ!" आणि ते पोर बिचारे आणखी ओढत होते. मैदानावरच्या एका जाणत्या प्रशिक्षकांनी बाण हातात घेऊन मला त्यावरचा आकडा दाखवला. तो होता ५००.

हा आकडा बाणाच्या लवचिकपणाचा. २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर बाण आडवा ठेवायचा, मधोमध सुमारे ८८० ग्रॅमचे वजन टांगायचे आणि तो किती वाकतो ते पाहायचे. अर्धा इंच वाकला तर ५००, एक इंच वाकला तर १०००. म्हणजे आकडा मोठा तितका बाण लवचिक. दोरी मागून ढकलते तेव्हा बाण क्षणभर धनुकलीसारखा वाकतो, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालतो आणि मग सळसळत सरळ मार्गी लागतो. हे वाकणे धनुष्याच्या जोराशी जुळावे लागते. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण जोराच्या मानाने ताठ असेल तर तो डावीकडे जातो, फार लवचिक असेल तर उजवीकडे. बाण लांब असला किंवा टोक जड असले की तो अधिक वाकतो, आखूड केला की ताठ होतो.

गोल्फच्या काठीचेही असेच असते. ज्याचा फटका संथ त्याला लवचिक दांडी, ज्याचा वेगवान आणि झटक्याचा त्याला ताठ दांडी. आणि गोल्फ कशाला, श्रावणात कावड घेऊन चालणाऱ्याला विचारा! बांबू पावलांच्या ठेक्यावर लवला तर ओझे हलके वाटते, ठेका चुकला तर तोच बांबू खांदा सोलून काढतो.

ठेका धनुर्विद्येतही आहे. ओढ, ठहराव आणि सोड या तिन्ही क्रिया दर बाणाला त्याच संथ लयीत व्हाव्या लागतात. जड धनुष्य पहिला घाला घालते तो या लयीवरच. मूल एक तर घाईने दोरी सोडते, नाही तर थरथरत ताटकळते. बापाने पैसा घातला, पोराने घाम गाळला. चूक दोघांचीही नव्हती, माप जुळले नव्हते.

उपाय स्वस्त निघाला. सुट्या भागांच्या धनुष्याचा मधला दांडा तोच ठेवून फक्त पाती बदलता येतात. चार आठवडे धनुष्य पूर्ण बंद ठेवले आणि रबरी पट्टीचे हलके व्यायाम दिले. मग २४ पौंडांची पाती लावली. त्याच्या हाती ती अठराच्या आसपास भरतात. बाणही हजाराच्या वरच्या आकड्याचे घेतले.

आईबापांनी लक्षात ठेवाव्यात अशा काही गोष्टी सांगतो.

धनुष्य घेण्यापूर्वी मुलाला दोरी पूर्ण ओढून दहा सेकंद धरायला सांगा व हळूच परत आणायला लावा. हात कापले, खांदा वर चढला किंवा कंबर वाकली, तर ते धनुष्य त्याचे नव्हे. ओढ नेहमी मुलाच्या स्वतःच्या मापापर्यंत ओढून आकड्याच्या ताणकाट्यावर मोजावी. वाढवायची झाल्यास एका वेळी दोनच पौंड, आणि तीही काही आठवडे सहज सराव झाल्यावर.

बाण नवशिक्याच्या ओढीपेक्षा इंच-दोन इंच लांबच असावा. आखूड बाण आधारावरून मागे घसरून हातात घुसू शकतो. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी हलकेच वाकवून पाहावा. चीर दिसली वा करकर ऐकू आली तर तो मोडून फेकून द्यावा, कारण असा बाण सुटताना फुटला तर त्याचे तुकडे हातात शिरतात. बाण न लावता दोरी कधीही सोडू नये.

सरावापूर्वी अंग मोकळे करावे, आठवड्यातून एखादा दिवस पूर्ण विश्रांती द्यावी. रात्री झोपमोड करणारे दुखणे, हात वर न जाणे किंवा बोटांना मुंग्या येणे, यांपैकी काहीही असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आणि डॉक्टर विचारायला विसरले, तर धनुष्याचा आकडा आपण होऊन सांगावा!

एखादे अवघड काम अंगावर घेतले की आपण म्हणतो, शिवधनुष्य पेलले. पण ते रामाने पेलले, आणि तेही तरुणपणी. आपल्या लेकराला आज त्याच्या मापाचे धनुष्य द्या, मोठे तो वेळ आल्यावर स्वतः मागेल.

फेब्रुवारीत तो मुलगा पुन्हा दवाखान्यात आला. दुखण्यासाठी नव्हे, त्याच्या आजीचे गुडघे दाखवायला. मी म्हटले, हात वर कर. त्याने दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले आणि हसला. त्या दिवशी मी पैसे घेतले ते आजीच्या गुडघ्यांचेच.