रस्त्यावरील धावण्याच्या शर्यती, हौशी

मैदानी खेळांचा एक प्रकार. सार्वजनिक रस्त्यावर आखलेल्या व आगाऊ मोजलेल्या मार्गावरून ठराविक अंतर धावून जाण्याच्या स्पर्धेस ‘रस्ता शर्यत’ म्हणतात. धावपट्टीवरील शर्यतीत ४०० मी. परिघाच्या मार्गाला फेऱ्या घालाव्या लागतात, तर क्षेत्रपार शर्यत शेते, माळ व ओढे ओलांडून जाते. रस्ता शर्यतीला यांपैकी कशाचीच गरज नसते. गावाला जोडणारी सडक हेच तिचे क्रीडांगण होय. त्यामुळे जेथे बांधीव मैदान नाही, अशा ठिकाणीही ती भरविता येते आणि खेळाडू व प्रेक्षक यांच्यातील अंतर तीत सर्वांत कमी असते. ५ किमी., १० किमी., अर्धमॅराथॉन (२१.०९७५ किमी.) व मॅराथॉन (४२.१९५ किमी.) ही तिची प्रचलित अंतरे होत. स्थानिक शर्यतींत शाळकरी मुले, महिला व ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी याहून कमी अंतरांचे गट ठेवतात. मराठी बोलीत मात्र अंतर कितीही असले, तरी अशा कोणत्याही शर्यतीला सरसकट ‘मॅराथॉन’ म्हटले जाते.

उपजीविकेसाठी न धावता आवड, आरोग्य वा चुरस यांसाठी धावणाऱ्यास हौशी धावपटू म्हणतात. पूर्वी बक्षिसाची रक्कम स्वीकारणारा खेळाडू हौशी मानला जात नसे. पुढे हा दंडक शिथिल होत गेला आणि आंतरराष्ट्रीय मैदानी खेळ महासंघाने २००१ मध्ये आपल्या नावातील ‘हौशी’ हा शब्दही वगळला. आज या शब्दाचा अर्थ नियमापेक्षा वृत्तीशी अधिक निगडित आहे. पहिल्या क्रमांकाची अपेक्षा नसतानाही नाव नोंदविणारा व स्वतःच्या मागील वेळेशी स्पर्धा करणारा धावपटू हाच या शर्यतींचा मुख्य घटक होय.

इतिहास : आधुनिक मॅराथॉन शर्यत अथेन्स येथील १८९६ च्या ऑलिंपिक सामन्यांपासून सुरू झाली व लगेच १८९७ मध्ये बॉस्टन येथील वार्षिक शर्यतीस प्रारंभ झाला. लंडन ऑलिंपिकमध्ये (१९०८) योजिलेले ४२.१९५ किमी. हे अंतर १९२१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारण्यात आले. तथापि सामान्य नागरिक रस्त्यावर धावू लागला, तो १९६० नंतर. न्यूझीलंडमधील प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी मध्यमवयीन स्त्री-पुरुषांना आरोग्यासाठी संथ धावण्याची सवय लावली आणि तेथून ही चळवळ अमेरिकेत व इतरत्र पसरली. न्यूयॉर्कच्या पहिल्या मॅराथॉनमध्ये (१९७०) १२७ धावपटू उतरले व त्यांपैकी ५५ जणांनी ती पूर्ण केली. कालांतराने तीच शर्यत हजारो लोकांची झाली. स्त्रियांना मात्र दीर्घकाळ मज्जाव होता. बॉस्टनच्या शर्यतीत त्यांना अधिकृत प्रवेश १९७२ मध्ये आणि ऑलिंपिक मॅराथॉनमध्ये १९८४ मध्ये मिळाला.

महाराष्ट्रात या परंपरेचा उगम पुण्यात दिसतो. डेक्कन जिमखाना या संस्थेने भरविलेल्या मैदानी सामन्यांत (१९१९) शेतकरी कुटुंबांतील तरुण अनवाणी धावले. त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळाले नव्हते, तरीही त्यांनी नोंदविलेल्या वेळा पाहून संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्या पुढाकाराने अँटवर्प ऑलिंपिकसाठी (१९२०) हिंदी खेळाडूंचा संघ पाठविण्यात आला. त्यातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी ४२.७५ किमी. लांबीची मॅराथॉन सुमारे २ तास ५१ मिनिटांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. म्हणजे भारताच्या ऑलिंपिक चळवळीचा आरंभच ग्रामीण हौशी धावपटूंच्या कामगिरीतून झाला, असे म्हणता येईल.

पुणे आंतरराष्ट्रीय मॅराथॉन १९८३ पासून व मुंबई मॅराथॉन २००४ पासून सुरू झाली. पुढे सातारा, वसई-विरार इ. ठिकाणच्या शर्यतींनाही मोठा प्रतिसाद मिळाला. नासिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत (राष्ट्रकुल सामने, २०१०, १०,००० मी. मध्ये कांस्यपदक) व सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर (रीओ ऑलिंपिक, २०१६, ३,००० मी. अडथळा शर्यतीची अंतिम फेरी) या दोघींनी ग्रामीण मुलींपुढे आदर्श ठेवला. पतीच्या औषधोपचारांसाठी बक्षिसाची रक्कम मिळावी, म्हणून बारामती येथील ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारी लुगड्यात अनवाणी धावून पहिल्या आलेल्या लता करे यांच्या जीवनावर २०२० मध्ये मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. स्थानिक शर्यतीतील लहानसे बक्षीसही गरीब कुटुंबास किती मोलाचे असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे : महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे हे दोन जिल्हे पूर्वी एकच होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. गडचिरोलीचे दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनाच्छादित असून वस्त्या विरळ व परस्परांपासून दूर आहेत. शाळा, आठवडी बाजार व शेत यांसाठी पायी चालणे येथील गोंड, माडिया व इतर समाजांच्या अंगवळणी पडले आहे. या काटकपणाला योग्य प्रशिक्षणाची जोड मिळाल्यास काय घडू शकते, हे २०१८ मध्ये दिसून आले. त्या वर्षी चंद्रपूर जिल्ह्यातील शासकीय आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट शिखर सर केले.

या भागात पहाटे सडकेवर धावणारा तरुण बहुधा नोकरभरतीची तयारी करीत असतो. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १,६०० मी. व स्त्रियांना ८०० मी., तर वनरक्षक भरतीत अनुक्रमे ५ किमी. व ३ किमी. धावावे लागते. उद्योग मोजके व शेती बव्हंशी पावसाच्या भातावर अवलंबून असल्याने काही सेकंदांच्या फरकावर एखाद्या कुटुंबाचे भवितव्य ठरते. गावोगावच्या शर्यती म्हणजे या उमेदवारांच्या दृष्टीने रंगीत तालीमच होय. सोबत धावणारे, मोजलेले अंतर व वेळेची नोंद या एकट्याने सराव करताना न मिळणाऱ्या तिन्ही गोष्टी त्यांना तेथे लाभतात. गडचिरोली पोलीस दलानेही अलीकडच्या वर्षांत जिल्ह्यातील युवक-युवतींसाठी महामॅराथॉन भरविली आहे. बल्लारपूरनजीक विसापूर येथील क्रीडा संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. दुर्गम तालुक्यांतील मुलांसाठी मात्र सडक हीच आजही धावपट्टी आहे.

शर्यतींचा हंगाम निसर्गच ठरवितो. पावसाळ्यात नदीनाल्यांच्या पुराने रस्ते तुटतात. भाताची कापणी व मळणी आटोपली, की डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धावण्यास सर्वांत सोयीचा असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले व मे महिन्यात तेंदूपाने गोळा करण्यासाठी घरातील सर्वजण पहाटेच रानात जातात. त्याच सुमारास चंद्रपूरचे कमाल तापमान ४५° से.च्या वर पोहोचते.

आयोजन व मार्गमापन : मार्गाची अचूक लांबी हा शर्यतीचा पाया होय. मोटारीच्या अंतरमापकावर विसंबल्यास मोठी चूक संभवते. प्रमाणित पद्धतीत सायकलच्या पुढील चाकास गणकयंत्र बसवितात, पोलादी फितीने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर ते पडताळून घेतात आणि मग धावपटू घेऊ शकेल अशा सर्वांत जवळच्या रेषेने, वळणावर कडेपासून ३० सेंमी. अंतर राखून, सायकल चालवितात. मार्ग आखूड भरू नये, म्हणून दर किमी.मागे १ मी. अंतर वाढवून धरतात. जाऊन परत येण्याचा मार्ग लहान गावांस सोयीचा पडतो. त्यात वाहतूक एकाच बाजूस रोखावी लागते आणि चढ-उतार व वारा यांचा परिणाम बराचसा सम होतो.

वनजिल्ह्यांत आयोजकांवर आणखी एक जबाबदारी येते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाबाहेरील ब्रह्मपुरी, मूल, चिमूर इ. तालुक्यांतील जंगलांतही वाघांचा वावर असून पहाट व संध्याकाळ या त्यांच्या हालचालीच्या वेळा होत. म्हणून वनखात्याच्या सल्ल्याने मार्ग निवडणे, पुरेसे उजाडल्यावरच शर्यत सुरू करणे व शेवटच्या धावपटूमागे वाहन ठेवणे आवश्यक ठरते. एकट्याने सराव करणाऱ्यांनीही अंधारात जंगलातील रस्ता टाळून गटाने धावावे. औद्योगिक पट्ट्यातील अडचण निराळी आहे. कोळशाच्या खाणी व औष्णिक वीजकेंद्र यांमुळे २००९ च्या केंद्रीय मूल्यांकनात चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली होती. धावताना श्वसनाचा वेग कित्येक पटींनी वाढत असल्याने कोळशाच्या वाहतुकीच्या रस्त्यांवर शर्यत ठेवणे हितावह नसते.

आरोग्यविषयक काळजी : धावताना स्नायूंत निर्माण होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. घामाचे बाष्पीभवन पुरेसे न झाल्यास शरीराचे तापमान ४०° से.च्या वर जाते, धावपटू असंबद्ध बोलू लागतो व कोसळतो. हा उष्माघात होय. अशा वेळी रुग्णालयात नेईपर्यंत न थांबता त्यास तेथेच थंड पाण्यात बुडवून वा अंगावर सतत थंड पाणी ओतून तापमान त्वरित उतरविणे, हा जीव वाचविणारा उपाय ठरतो. तापमान, आर्द्रता, ऊन व वारा या सर्वांचा एकत्रित विचार करणारा निर्देशांक २८° से.च्या वर असल्यास दीर्घ पल्ल्याची शर्यत पुढे ढकलावी, असा संकेत आहे. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. गरजेपेक्षा फार अधिक पाणी प्याल्यास रक्तातील सोडियमाचे प्रमाण घटून तेही धोक्याचे ठरते. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किमी. धावताना काही उमेदवार मृत्युमुखी पडले. पुढे चाचणीचे अंतर कमी करण्यात आले, परंतु या घटनेचा धडा स्थानिक शर्यतींनाही तितकाच लागू आहे.

पूर्व विदर्भात सिकलसेल (दात्रकोशिका) हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक मिळालेली व्यक्ती रुग्ण असते व तिने वैद्यकीय सल्ल्याविना शर्यतीत उतरू नये. एकाच पालकाकडून जनुक मिळालेली व्यक्ती वाहक असते. ती एरवी निरोगी असते व तिला आपण वाहक असल्याची जाणीवही नसते. मात्र कडक उन्हात, पाण्याच्या कमतरतेत व क्षमतेबाहेर धावल्यास रक्तातील आम्लता वाढते, तांबड्या पेशी विळ्यासारखा आकार धारण करतात, स्नायूंचा ऱ्हास होतो व मूत्रपिंडांस इजा पोहोचते. अमेरिकन सैनिकांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले नाही, परंतु श्रमजन्य स्नायुऱ्हासाचा धोका सुमारे ५४ टक्क्यांनी अधिक दिसला. त्यावरून वाहकांना शर्यतीस मनाई करण्याचे कारण नाही. सराव टप्प्याटप्प्याने वाढविणे, ताप वा जुलाब असताना न धावणे, पुरेसे पाणी घेणे आणि पाय जड होऊन दुखू लागताच थांबणे, एवढी दक्षता त्यांना पुरेशी असते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाखाली (२०२३) रक्ततपासणी करून संबंधितांना कार्डे दिली जातात. नावनोंदणीच्या वेळी या तपासणीची माहिती दिल्यास शर्यत हे आरोग्यशिक्षणाचेही साधन होऊ शकेल. ही माहिती गुप्त राखणे मात्र अगत्याचे आहे, कारण विवाहसंबंध जुळविताना तिचा गैरवापर होण्याचा संभव असतो.

मोठ्या शहरांतील शर्यतींचे प्रवेशशुल्क, बूट व प्रवासखर्च ग्रामीण धावपटूस सहसा परवडत नाहीत. त्यामुळे अल्प शुल्काच्या वा निःशुल्क स्थानिक शर्यती हाच त्याचा मुख्य आधार राहतो. अचूक मोजलेला मार्ग, मुलींसाठी स्वतंत्र गट व समान बक्षीस, वैद्यकीय पथक आणि शेवटच्या धावपटूपर्यंत उघडी राहणारी समाप्तिरेषा या गोष्टींना फार पैसा लागत नाही. त्या जेथे पाळल्या जातात, तेथील शर्यती वर्षानुवर्षे टिकतात आणि त्यांतूनच पुढे नामवंत खेळाडू निपजण्याची शक्यता असते.