कोटेशन मागवण्याआधी

नवा कॉम्प्युटर घ्यायचा ठरला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या छोट्या कार्यालयांत टेबलावर तीन कागद येतात. एक ओळखीच्या दुकानदाराचा, ब्रँडेड मशीनचा. दुसरा मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या असेंबलरचा, सुट्या भागांची यादी आणि प्रत्येक भागापुढे किंमत असलेला. तिसरा कुणा मित्राने मोबाइलवर धाडलेला, ‘मॅकच घ्या’ म्हणणारा. मग भागीदारांत किंवा बापलेकांत जुंपते. एकाचे म्हणणे असते, आय-फाइव्हवर भागते, वरचे वीस-पंचवीस हजार वाचतात. दुसरा म्हणतो, घ्यायचाच तर आय-सेव्हन घेऊ, म्हणजे पाच वर्षे पुन्हा बघायला नको. दोघांनाही आपले बोलणे व्यवहाराचे वाटते, आणि ते असतेही. पण हा वाद कोटेशनवर सुटत नाही, कारण तो सोडवायला लागणारी माहिती त्या कागदावर नसते. ती जुन्या मशीनमध्ये असते. आपले काम नेमके कुठे आणि किती वेळ अडते हे मोजल्याशिवाय कुठलीही किंमत जास्त की कमी हे ठरवता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

हे मोजणे अवघड नाही आणि त्याला पैसेही पडत नाहीत. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स यांचे आलेख डावीकडे सरकत असतात. रोजचे सर्वांत जड काम सुरू करावे आणि हे पान बाजूला उघडे ठेवावे. फाइल उघडताना डिस्कचा आलेख शंभर टक्क्यांना चिकटला आणि प्रोसेसर दहा-पंधरावर रेंगाळत राहिला, तर वाट अडवली आहे ती जुन्या फिरत्या हार्ड डिस्कने. तिच्या जागी एसएसडी बसवली की तेच मशीन वेगळे वाटू लागते. मेमरी पंच्याण्णवच्या पुढे गेली आणि त्याच वेळी डिस्कही धडपडू लागली, तर रॅम संपली आहे आणि विंडोज उरलेला पसारा डिस्कवर नेऊन ठेवते आहे. प्रोसेसरच्या आलेखावर उजवे क्लिक करून प्रत्येक कोअरचा वेगळा चौकोन पाहता येतो. काम अडलेले असतानाही बहुतेक चौकोन निवांत असतील, तर आणखी कोअर विकत घेऊन काही साधणार नाही. मॅकवर अॅक्टिव्हिटी मॉनिटर मेमरीवरचा ताण हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात दाखवतो. आठवडाभर अशा नोंदी ठेवल्या की तिन्ही कोटेशने वेगळी दिसू लागतात, आणि कधी कधी नवे मशीन लागतच नाही.

मोजमापाशिवाय पैसा कसा भलतीकडे जातो, हे लग्नाचे चित्रीकरण संपादित करणाऱ्या स्टुडिओंमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात, फुटेजचे ढीग येतात आणि संपादनाची टाइमलाइन अडखळू लागते. मोठे ग्राफिक्स कार्ड टाका, हा सल्ला सगळीकडून मिळतो. पण आजचे बरेच कॅमेरे ४के चित्रीकरण एच.२६५ पद्धतीने, दहा बिट आणि ४:२:२ रंगमाहितीसह साठवतात. हे चित्रण दाबून दाबून भरलेले असते आणि संपादनात ते सतत उलगडावे लागते. चिपमध्ये त्यासाठी खास भाग असेल तर काम सुरळीत चालते. नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या सामान्य कोअरवर येतो. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांतले अंगभूत ग्राफिक्स हा प्रकार उलगडू शकते. एनव्हीडियाच्या कार्डांना मात्र २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपूर्वी हे जमत नव्हते. म्हणजे आदल्या मालिकेतले महागडे कार्ड घालूनही अडखळणे तसेच राहू शकते. यात आणखी एक बारीक गोम आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असते, त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसते. ते थोडे स्वस्त पडतात म्हणून कोटेशनची बेरीज उतरवायला सर्रास सुचवले जातात, आणि वेगळे कार्ड असताना अंगभूत ग्राफिक्स कशाला, हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण ते कार्ड आदल्या मालिकेतले असेल, तर अशा स्टुडिओसाठी कोटेशनमधले ते एक अक्षर रोजच्या कामाच्या मुळावर येते.

आर्किटेक्टच्या कार्यालयात गणित उलटते. ठाण्यात जुन्या इमारतींच्या पुनर्विकासामुळे आराखड्यांच्या फेऱ्यांवर फेऱ्या निघतात आणि मशीन दिवसभर ऑटोकॅडवर असते. ऑटोकॅडचे बहुतेक काम एका वेळी एकाच कोअरवर चालते. तिथे चोवीस कोअरच्या प्रोसेसरपेक्षा कमी कोअरचा, पण प्रत्येक कोअर चपळ असलेला प्रोसेसर सरस ठरतो. यामागचे गणित संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच मांडले होते: कामाचा ४० टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही कोअर लावले तरी वेग अडीच पटीपुढे जात नाही. तेच कार्यालय रेव्हिटवर त्रिमिती मॉडेल करू लागले की प्रश्न मेमरीचा होतो. रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कच्या शिफारशीत किमान १६, मध्यम मॉडेलला ३२ आणि मोठ्याला ६४ जीबी रॅम असते. सीएच्या कार्यालयात टॅली आणि एक्सेलसाठी साधे मशीन पुरते. विवरणपत्रे भरण्याच्या शेवटच्या दिवसांत पोर्टलवर फिरणारे चक्र कुठल्याही प्रोसेसरने थांबत नाही.

डीटीपीची गोष्ट वेगळी आणि थोडी अवघड आहे. स्मरणिका, दिवाळी अंक, लग्नपत्रिका करणाऱ्या अनेक ठिकाणी अजून पेजमेकर आणि श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फाइलींचा साठा आहे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ ची. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणून जुने मशीन बदलणे भाग पडते. मग नव्या मशीनवर जुने सॉफ्टवेअर नीट चालत नाही, हार्डवेअर लॉकचा ड्रायव्हर मिळत नाही, आणि वर्षानुवर्षांचा मजकूर युनिकोडमध्ये फिरवून जोडाक्षरे तपासत बसावे लागते. हे श्रम कुठल्याच कोटेशनवर छापलेले नसतात, आणि इथे खरा खर्च तोच आहे. अशा ठिकाणी प्रोसेसरवर चाललेला खल मला वाया वाटतो. प्रोसेसरच्या रकमेतले दहा हजार काढून रंग नीट दाखवणाऱ्या चांगल्या आयपीएस मॉनिटरवर घालावेत. पत्रिकेचा कुंकवाचा लाल छापून विटकरी आला की गठ्ठाच्या गठ्ठा परत येतो.

मोजमाप आजची अडचण दाखवते, उद्याची नाही, हा आक्षेप मी महत्त्वाचा मानतो. त्याला उत्तर म्हणून बहुतेक जण सगळेच भाग एक पायरी वरचे घेतात. माझा आग्रह वेगळा आहे: जे नंतर बदलता येणार नाही त्यावर आधी खर्च करावा, जे बदलता येते ते थांबू शकते. याचा मोठा धडा अॅपलच्या मॅक प्रोमध्ये आहे. २०१३ च्या काळ्या नळकांड्यासारख्या मॉडेलमध्ये आत नवी कार्डे बसवायला स्लॉट नव्हते. व्यावसायिकांची नाराजी इतकी वाढली की एप्रिल २०१७ मध्ये कंपनीने पत्रकारांना बोलावून, उष्णतेच्या बाबतीत त्या रचनेने आपल्याला कोपऱ्यात अडकवले, हे कबूल केले. २०१९ चा मॅक प्रो आला तो ५,९९९ डॉलरला, आठ स्लॉट आणि दीड टीबीपर्यंत मेमरीची सोय घेऊन. किमतीवर जगभर वाद झाला, पण चित्रपट आणि संगीताच्या कामात ज्यांना ते स्लॉट लागत होते त्यांना ती किंमत पटत होती. २०२३ च्या मॉडेलमध्ये मेमरी चिपशी बांधली गेली आणि कमाल मर्यादा १९२ जीबीवर आली. आपल्याकडच्या खरेदीदारालाही हाच प्रश्न पडतो, लहान प्रमाणात. २०२४ च्या अखेरीस भारतात एम४ मॅक मिनी ५९,९०० रुपयांना आला. २५६ च्या जागी ५१२ जीबी साठवण घेतली की ७९,९००, आणि त्यावर १६ च्या जागी २४ जीबी मेमरी घेतली की ९९,९०० होत. साठवण बाहेरून जोडता येते, मेमरी कधीच वाढवता येत नाही. म्हणून ज्याच्या अॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये लाल रंग दिसला आहे त्याने वरचे पैसे मेमरीवर घालावेत आणि साठवणीला बाहेरची एसएसडी लावावी. हिरवाच रंग दिसत असेल, तर सर्वांत खालचे मॉडेल त्या पैशांत उत्तम आहे.

असेंबल केलेल्या मशीनमध्ये हाच नियम मदरबोर्ड आणि वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसला लागू पडतो. चार खाचांचा मदरबोर्ड घ्यावा, रॅमच्या दोन पट्ट्या आता बसवाव्यात, दोन खाचा रिकाम्या ठेवाव्यात. चारही भरल्यावर मेमरीचा वेग थोडा उतरू शकतो, पण मेमरी कमी पडण्यापेक्षा ते कितीतरी बरे. रॅम नंतर स्वस्त होते, या जुन्या समजावर मात्र विसंबू नये. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी वळल्यामुळे २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत डीडीआर५ रॅमचे बाजारभाव दुपटीच्या पुढे गेले, आणि डिसेंबरात मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ हा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले.

आता किंमत. कोटेशनच्या तळाचा आकडा सर्वांना सारखा पडत नाही. एक लाखाच्या मशीनवर १८ टक्के जीएसटी धरून १,१८,००० होतात. नियमित जीएसटी भरणाऱ्या फर्मला वरचे १८ हजार इनपुट टॅक्स क्रेडिटमधून वळते करता येतात. नोंदणीच नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेतल्या व्यावसायिकाला ते मिळत नाहीत. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो: लाखावर पहिल्या वर्षी ४०,०००, मग २४,०००, मग १४,४००. पण मशीन खरेदीच्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल, तर पहिल्या वर्षीचा घसारा निम्मा होतो. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे त्या दिवशी सुरू केलेले मशीन मुदतीत बसले. पाडव्याला, २२ ऑक्टोबरला सुरू केलेले बसले नाही. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत कर भरणाऱ्याला घसारा वेगळा मिळतच नाही, त्यामुळे ‘टॅक्समध्ये निघेल’ हे वाक्य त्याच्यासाठी खरे नाही. आणि बिलाशिवाय घेऊन वाचवलेले पैसे वॉरंटीच्या पहिल्याच प्रसंगात जातात, हे वेगळे सांगायला नको.

असेंबल्ड मशीन बिघडले तर दाद कुणाकडे मागायची, हा ब्रँडेडवाल्यांचा मुद्दा खरा आहे. सुट्या भागांची वॉरंटी प्रत्येकाची वेगळी असते आणि बिघाड नेमका कुठल्या भागात आहे हे शोधून, तो भाग घेऊन गाडीने मुंबईत जावे लागते. ब्रँडेड वर्कस्टेशनच्या किमतीत तीन वर्षांची जागेवर येऊन दुरुस्ती असेल, तर ती किंमत ज्याच्याकडे दुसरे मशीन नाही त्याने खुशाल मोजावी. दोन-तीन मशीन असलेल्या कार्यालयाला ती तितकी लागत नाही. इथेही उत्तर मोजण्यातूनच येते: मशीन दोन दिवस बंद राहिले तर किती काम अडते?

थांबण्याचा वेळ पैशांत मांडतानाही एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. वेगवान मशीनमुळे रोज ४० मिनिटे वाचली तर ३०० दिवसांत २०० तास होतात, आणि तासाचे १५० रुपये धरले तरी वर्षाला ३० हजार. पण ती ४० मिनिटे माणूस समोर ताटकळत बसलेला असेल तरच हा हिशेब खरा. रात्री एक्सपोर्ट लावून घरी जाणाऱ्याला तीन तासांऐवजी दीड तासात काम संपल्याने सकाळी काहीच जास्त हाती येत नाही. त्याला हवे आहे ते वेगळेच: पहाटे तीनला वीज गेली तरी काम पुरे व्हावे. डोंबिवली, कल्याणला पावसाळ्यात रात्रीची वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि कोटेशनमध्ये यूपीएस शेवटच्या ओळीत, ६०० व्हीए, एवढाच लिहिलेला असतो. असा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच भार पेलतो. मोठे ग्राफिक्स कार्ड पूर्ण जोरात चालू असताना मॉनिटरसकट मशीन त्याच्या सहज पुढे जाते, आणि वीज गेली की यूपीएसही त्याच क्षणी मान टाकतो. कार्ड एक पायरी खालचे घेऊन उरलेल्या पैशांत १,००० किंवा १,५०० व्हीएचा यूपीएस, खात्रीचा एसएमपीएस आणि पावसाचे पाणी शिरणाऱ्या तळमजल्याच्या दुकानात कॅबिनेट जमिनीपासून दोन फूट वर ठेवणारे स्टँड, एवढे घेतले आणि वीज काही मिनिटांत परतली, तर त्या रात्रीचे एक्सपोर्ट सकाळी तयार मिळते.