सूपस्टिक घरची असली, तरी मोजूनच खा!

थंडी पडू लागली, की नाशिकमधल्या अनेक घरांत रात्री पोळी-भाजीऐवजी गरमागरम सूप होते. सोबत बेकरीतून आणलेले सूपस्टिकचे, म्हणजेच ब्रेडस्टिकचे पाकीट असते. सूप आणि चार काड्या म्हणजे हलके जेवण, असा आपला समज. पण तो पूर्णपणे खरा नाही.

ही काडी मूळची इटलीतील तुरिन शहराची. १७व्या शतकात तिथल्या आजारी राजपुत्राला मऊ पाव पचेना, म्हणून वैद्याच्या सांगण्यावरून त्याला बारीक, कुरकुरीत पाव भाजून दिला गेला, अशी आख्यायिका आहे. काडीचा कुरकुरीतपणा मात्र पाणी उडून गेल्याने येतो. मऊ पावात सुमारे एक तृतीयांश पाणी असते, काडीत ते फारच थोडे उरते. त्यामुळे १०० ग्रॅम पावातून साधारण २५० कॅलरी मिळतात, तर तेवढ्याच वजनाच्या काड्यांतून ४०० च्या आसपास. हाताला हलके लागते, ते पोटाला हलके असतेच असे नाही.

मग घरी का कराव्यात? कारण पीठ, तेल आणि मीठ किती घालायचे, हे आपल्या हातात राहते.

साहित्य (२४ काड्या): गव्हाचे पीठ १२५ ग्रॅम, मैदा १२५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट एक चमचा, साखर अर्धा चमचा, मीठ पाऊण चमचा, तेल दोन मोठे चमचे, ओवा किंवा तीळ, कोमट पाणी साधारण १५० मिली.

कृती: सगळे एकत्र करून दहा मिनिटे चांगले मळा. पीठ झाकून फुगून दुप्पट होऊ द्या. मग लहान गोळे करून पेन्सिलीएवढ्या जाड काड्या वळा. १८० अंश सेल्सिअसला २० ते २५ मिनिटे भाजा. ओव्हन बंद केल्यावर दार किंचित उघडे ठेवून काड्या आतच वाळू द्या. ओव्हन नसेल, तर जाड कढईत मीठ तापवून, वर स्टँड ठेवून मंद आचेवर भाजता येतात. शेवटी झाकण थोडे सरकवा, नाहीतर वाफ कोंडून काड्या मऊ पडतात. रंग सोनेरी झाला की थांबा. पिठाचे पदार्थ करपेपर्यंत भाजले, तर त्यांत अ‍ॅक्रिलामाइड हा नकोसा घटक वाढतो.

यीस्ट जिवंत असते. कढत पाण्यात ते मरते, थंडीत सुस्तावते. निफाडचा पारा घसरतो त्या दिवसांत पीठ फुगायला उन्हाळ्याच्या दुप्पट वेळही लागू शकतो. अशा वेळी यीस्ट वाढवू नका, थोडी वाट पाहा.

गहू कोणता, यानेही फरक पडतो. पीठ ताणले जाते ते ग्लुटेनमुळे. सरबती गव्हाचे ग्लुटेन लवचिक असते. बन्सी गव्हाचे मात्र ताणल्यावर तुटते. तो रवा-शेवयांसाठी उत्तम. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेल्या वाणांपैकी 'त्र्यंबक' सरबती, तर 'गोदावरी' बन्सी. गव्हाच्या पिठातला कोंडाही ग्लुटेनचे धागे तोडतो, म्हणून सुरुवातीला निम्मा मैदा. हात बसला, की तो कमी करत न्या.

आता हिशेब. वरच्या मापाने एका काडीत साधारण १० ग्रॅम पीठ जाते. म्हणजे तीन काड्या खाल्ल्या, की एका मध्यम पोळीएवढे पीठ पोटात गेले. मधुमेह असणाऱ्यांनी काड्या पोळीशिवाय जास्तीच्या नव्हे, तर पोळीऐवजी खाव्यात. रक्तदाब असेल, तर मीठ निम्मे करा, ओवा आणि लसूण चव सांभाळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभरात एकूण मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी हवे आणि सूपमध्येही मीठ असतेच. सिलिअ‍ॅक आजार असलेल्यांना गव्हाची काडी, घरची असली तरी, वर्ज्यच.

सोबतचे सूप मुगाच्या किंवा मसूर डाळीचे केले, तर प्रथिनेही मिळतात. तेवढे जमले, की तीन काड्यांत रात्रीचे जेवण नीट होते.