रानातली गुळवेल ओळखता येते का?

आज जाऊया वर्धा जिल्ह्यातल्या बोरच्या जंगलात. सेलूवरून हिंगणीकडे निघालं की धरणाआधीच सागाचं रान सुरू होतं. २०१४ साली इथे व्याघ्र प्रकल्प झाला, म्हणून आपण वाघ बघायला जातो. पण आजचा एपिसोड वाघाचा नाही, पायाखालच्या झाडपाल्याचा आहे.

पावसाळ्यात उगवणारा तरोटा घ्या. कोवळ्या पाल्याची भाजी होते, आणि बिया उगाळून नायट्यावर लावायची जुनी पद्धत आहे. कंबरमोडीचा पाला चुरून जखमेवर पिळतात. हिलाच कुणी एकदांडी म्हणतं, कुणी दगडी पाला. गंमत म्हणजे ही मूळची अमेरिकेतली! म्हणजे परंपरा एका जागी थांबलेली नसते, नवं झाडही ती पारखून घेते.

पण एका झाडाला तीन नावं असली, की फक्त नाव ऐकून औषध घेणं धोक्याचं. कोरोनाकाळ आठवा. गुळवेलीचा काढा घरोघरी उकळत होता. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की ती दिसायला जवळची दुसरी वेल असू शकते. मग खरी गुळवेल कशी ओळखायची? पान बदामाच्या आकाराचं, साल कागदासारखी सुटणारी, खोड आडवं कापलं की आत चाकासारखी नक्षी. आणि ओळख पटली तरी रोज ग्लासभर प्यायची ही गोष्ट नाही. यकृताचा त्रास असेल किंवा गोळ्या सुरू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरं उदाहरण कळलावी. लाल-पिवळं, ज्वाळेसारखं फूल. बाळंतपणात कळा याव्या म्हणून हिचा कंद वापरायचे, त्यावरूनच हे नाव. या कंदात कोल्चिसिन असतं. गाऊटवर डॉक्टर तेच अगदी मोजून देतात, आणि मात्रा चुकली तर जीव जातो. म्हणून हिच्यावर घरगुती प्रयोग अजिबात नको.

मग आपण काय करायचं? गावी गेलात की आजीजवळ बसा, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा. झाडाचा कोणता भाग, किती, कशासोबत आणि कुणाला द्यायचा नाही, हे चारही प्रश्न विचारा. पान, खोड, फूल यांचे वेगवेगळे फोटो काढा. रोप मात्र उपटू नका.

तुमच्याकडे कंबरमोडीला काय म्हणतात? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!