बाळभोपळ्याची बेगमी

"आजोबा, आणखी दोन झाल्या!"

न्यू जर्सीला लेकीकडे ऑगस्टची सकाळ अशीच उजाडायची. परसात झुकिनीची रोपं चारच, पण काल बोटाएवढी दिसलेली उद्या मनगटाएवढी. शेजारी वाटाव्यात, तर शेजारीणबाईच पिशवी भरून झुकिन्या घेऊन आल्या!

"आजोबा, गावी कोहळा शिंकाळ्यात महिनोन् महिने राहतो. मग ही आठ दिवसांत मऊ का पडते?" नातीनं विचारलं.

"अगं, कोहळा माझ्यासारखा म्हातारा. वेलीवर पिकतो, साल टणक करतो, वर मेणाची पांढरी भुकटी चढवतो. आतलं पाणी बाहेर जात नाही, बाहेरची बुरशी आत येत नाही. झुकिनी म्हणजे बाळ! इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थच छोटा भोपळा. साल कोवळी, बिया दुधाळ असतानाच आपण तिला खुडतो. तिची बेगमी आपणच करायची."

मग सांडगे घातले. किसावर मीठ भुरभुरलं आणि दहा मिनिटांत ताटात तळं!

"पाणी कुणी ओतलं?"

"तिचंच आहे. शंभर ग्रॅममध्ये पंचाण्णव ग्रॅम पाणी. प्रत्येक पेशीभोवती पातळ पडदा असतो. बाहेर खारट झालं, की आतलं पाणी पडद्यातून तिकडे धाव घेतं. मीठ पाणी ओढतं म्हणतात ना, ते हे."

कीस पिळून त्यात वाटलेली उडदाची डाळ, मिरची, हिंग घातलं. इथलं ऊन आपल्या वैशाखासारखं नाही, म्हणून वाळवणयंत्रात ६० अंशांवर ठेवलं. पाणीच नाही म्हटल्यावर बुरशी नि जिवाणू वाढणार कशावर?

उरलेला कीस जरा वाफवून फ्रीझरमध्ये गेला. गोठताना पाणी फुगतं आणि पेशी फाटतात, म्हणून वितळल्यावर तो लिबलिबीत होतो. थालीपिठाला त्याचं काय!

लेक म्हणाली, "उकडून बरणीत बंद करू?" त्याला मात्र मी साफ नाही म्हटलं. मातीतल्या एका जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीनं मरत नाहीत. आंबट नसलेल्या, हवाबंद जागी ते रुजतात आणि त्यांतून वाढलेले जिवाणू विष तयार करतात.

नातीनं पानाआड एक झुकिनी मुद्दाम ठेवली आहे. रोज जाऊन सालीला नख टोचून बघते, ती आजोबा झाली की नाही ते.