सोळाशे मीटर आणि मनगटावरचा आकडा

पोलीस भरतीत पुरुष उमेदवारांना 1600 मीटर धावण्याचे 20 गुण असतात. त्या गुणांसाठी आटगाव, शहापूर, मुरबाड भागातली पोरं उजाडायच्या आत रस्त्यावर उतरतात. हल्ली बऱ्याच जणांच्या मनगटावर स्वस्तातलं का होईना, स्मार्टवॉच असतं. त्यावर हृदयाचे ठोके 190 दिसले की कुणी घाबरतं, कुणी मिरवतं. मला दोन्हीची घाई वाटते.

‘220 वजा वय’ म्हणजे हृदयाचे कमाल ठोके, हे सूत्र बहुतेकांना पाठ असतं. 1971 मध्ये सॅम्युअल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल या अमेरिकी संशोधकांनी हाताशी असलेल्या जुन्या आकड्यांमधून अंदाजाने एक रेघ ओढली, तिथून ते आलं. त्यासाठी स्वतंत्र प्रयोग झालाच नव्हता. 2001 मध्ये हिरोफुमी तनाका यांच्या गटाने जास्त माहिती तपासून ‘208 वजा वयाच्या 0.7 पट’ असं सुचवलं. वीस वर्षांच्या मुलासाठी पहिलं सूत्र 200 सांगतं, दुसरं 194. साठीच्या माणसाला मात्र पहिलं 160 वर अडवतं, दुसरं 166 पर्यंत जाऊ देतं. शिवाय एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यामुळे विशीच्या पोराला 190 हे जोरात धावल्याचं लक्षण असेल, आजाराचं नव्हे.

तेही घड्याळ खरं बोलत असेल तर. ते हिरवा प्रकाश कातडीत सोडतं आणि प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त वाढलं-घटलं की परतणाऱ्या प्रकाशात होणारा बदल मोजतं. पट्टा सैल असेल, हात जोरात हलत असेल, तर गडबड होते. धावताना मिनिटाला साधारण 160 ते 180 पावलं पडतात, आणि कधी कधी घड्याळ पावलांची लयच ठोके म्हणून दाखवतं! छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, म्हणून तो जास्त भरवशाचा. पैसे नसतील तर दोन बोटं पुरतात. थांबल्याबरोबर मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला नाडी धरायची, 15 सेकंद मोजून चारने गुणायचं. उशीर केला तर आकडा उतरलेला असतो.

हे उतरणंच मला जास्त बोलकं वाटतं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी ट्रेडमिल चाचणीला आलेल्या 2428 जणांची पुढची सहा वर्षं पाहिली. चाचणी संपल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके 12 किंवा त्याहून कमी उतरले, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. ते दवाखान्यात आलेले लोक होते, निरोगी तरुण नव्हते. पण ठोके रोज रेंगाळत उतरत असतील तर डॉक्टरांना विचारावं.

उन्हाचा हिशेब वेगळा. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर माहुली किल्ला चढणाऱ्याला तो कळतो: वेग तोच, तरी ठोके वाढत जातात. घामामुळे रक्तातला द्रव घटतो, अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, दर ठोक्याला कमी रक्त पुढे जातं, मग हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार दगावले, आणि नंतर अंतर कमी झालं. तरुणांच्या अशा मृत्यूंमागे कधी उष्माघात असतो, कधी आनुवंशिकतेने जाड झालेल्या हृदयस्नायूसारखा न कळलेला दोष. असा दोष हिरवा दिवा दाखवत नाही; त्यासाठी ईसीजी, इको लागतात. घरात कुणी तरुणपणीच अचानक गेलं असेल, किंवा धावताना भोवळ आली असेल, तर भरतीच्या आधी या तपासण्या कराव्यात.

बीपीसाठी बीटा ब्लॉकर गोळी घेणाऱ्या काका-मावशींना तर वरची दोन्ही सूत्रं लागूच पडत नाहीत. गोळी ठोके फारसे वाढू देत नाही. त्यांनी बोलून पाहावं. चालताना वाक्य पूर्ण होतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. शब्दाशब्दाला धाप लागली तर वेग कमी. छातीत दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, तर आकडा पाहत न बसता खाली बसायचं आणि 108 ला फोन लावायला सांगायचं.