धावपटू आणि वेळापत्रक

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पाय, घाम आणि शेवटची फीत येते. परंतु पुष्कळ शर्यतींचा निकाल शिट्टी वाजण्याच्या कितीतरी आधी एका कागदावर निम्मा लागलेला असतो. तो कागद म्हणजे स्पर्धांचे वेळापत्रक. शाळेपासून मी ८०० मीटर धावतो. त्या अनुभवातून आणि थोड्याफार वाचनातून जे समजले, ते येथे मांडतो.

प्रथम शरीराचा हिशेब पाहू. १०० मीटरच्या धावेत स्नायूंतला जो साठा खर्च होतो, तो काही मिनिटांत बराचसा भरून येतो. ४०० किंवा ८०० मीटरनंतर पाय शिशासारखे जड होतात व ते मोकळे व्हायला तासभर तरी लागतो. पाच-दहा हजार मीटर धावणाऱ्याची शिदोरीच संपते; ती भरायला पुरता दिवस, कधी अधिकही लागतो. म्हणून जागतिक नियमांत दोन फेऱ्यांमधले किमान अंतर ठरवून दिले आहे. २०० मीटरपर्यंत ४५ मिनिटे, त्यापुढे १००० मीटरपर्यंत ९० मिनिटे, आणि त्याहून लांब शर्यतीची पुढची फेरी त्याच दिवशी घ्यायचीच नाही.

आता आपल्या मैदानाकडे या. परंडा किंवा उमरग्याहून पहिल्या एस.टी.ने निघालेली मुले धाराशिवला पोचतात ती अर्धी दमूनच. सर्व वयोगट एक-दोन दिवसांत उरकायचे असतात. भाद्रपदातल्या पावसाने फक्कीच्या रेषा धुऊन गेल्या, तर त्या पुन्हा आखण्यात सकाळ जाते, आणि गेलेला वेळ भरून काढायचा तो फेऱ्यांमधली विश्रांती कापून! ४०० मीटरची अंतिम फेरी आणि लांब उडी एकाच वेळी पुकारली गेल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अशा वेळी पंच त्या खेळाडूची उडीची पाळी मागेपुढे करू शकतात, अशी नियमातच सोय आहे. ज्याच्याबरोबर हे ठाऊक असलेले शिक्षक असतात, त्याची उडी वाचते. एकट्याने आलेला मुलगा मात्र गुपचूप एक स्पर्धा सोडून देतो.

मोठ्यांसाठी वेळापत्रक हलते, हेही सांगितले पाहिजे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये मायकेल जॉन्सनला २०० व ४०० मीटर या दोन्ही शर्यती धावता याव्यात म्हणून कार्यक्रम बदलण्यात आला. त्याने २९ जुलैला ४०० आणि १ ऑगस्टला २०० मीटर जिंकली, दुसरी तर १९.३२ सेकंदांच्या विश्वविक्रमासह. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत १ ऑक्टोबरला स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकला आणि ४ ऑक्टोबरला ५००० मीटरमध्ये रौप्य. मधले दिवस मिळाले म्हणून त्याची ताकद दोनदा दिसली. दोन्ही शर्यती एका दिवसात असत्या तर दुसरे पदक कठीणच होते, असे मला वाटते.

तासांपेक्षाही महिन्यांचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात अधिक बोचरा आहे. शालेय स्पर्धांची वाट तालुका, जिल्हा, लातूर विभाग आणि मग राज्य अशी आहे. पावसाळ्यात सुरू झालेली ही वाट दिवाळीच्या आगेमागे विभागापर्यंत पोचते. नेमके तेव्हाच सोयाबीनची काढणी निघते, ज्वारीची पेरणी निघते, आणि कळंब, वाशी, भूम, परंड्याकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या भरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयता थांबत नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी जिल्ह्यात पहिली आली होती. विभागीय स्पर्धेची तारीख पुढे गेली, ती कळेपर्यंत ती आईवडिलांबरोबर कारखान्याच्या पट्ट्यात पोचली होती. घरी एकटी कोणापाशी राहणार? तिच्या जागी दुसरी धावली. त्या दुसरीचा यात काय दोष? पण राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवत्ताप्राप्त खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्याचा दरवाजा वरच्या पातळीवरच्या प्रमाणपत्रानेच उघडतो. ती पायरी एका तारखेने हुकली.

तारीख आयत्या वेळी कळण्यात आणखी एक तोटा आहे. शरीर वर्षभर धारेवर राहत नाही. काही महिने लांब पल्ल्याची बैठक, मग वेग, आणि शेवटचे दहा-बारा दिवस सराव कमी करून पाय ताजे ठेवणे, असा क्रम असतो. तारीखच ठाऊक नसेल तर सराव कमी करायचा कधी? मुले रोज जीव तोडून धावतात व स्पर्धेला थकलेले पाय घेऊन जातात. पोलीस भरतीचेही तेच. मुलांच्या मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण १६०० मीटरला आहेत. २०२४ ची चाचणी १९ जूनपासून, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली आणि पाऊस पडला तेथे ती पुढे ढकलावी लागली. उन्हाळाभर पहाटे चारला उठून तयार केलेले पाय आणखी किती दिवस ताजे ठेवायचे, हे त्या मुलांना कोण सांगणार?

महाविद्यालयात आल्यावर सत्र परीक्षेची भर पडते. प्रात्यक्षिक आणि शर्यत एकाच आठवड्यात आली की आम्ही प्राध्यापकांच्या खोलीबाहेर अर्ज घेऊन उभे असतो. बहुतेक सर समजून घेतात. तरी जिमखाना विभागाने विद्यापीठाकडून आलेल्या संभाव्य तारखा जुलैतच फलकावर लावाव्यात, आणि तारीख बदलली तर गावी गेलेल्या खेळाडूला त्याच दिवशी फोन जावा, एवढी विनंती मी या अंकातून करीत आहे. फलक जिन्याजवळचा असावा. कार्यालयाच्या आतला आम्हाला दिसत नाही.